मजकुराचं घर

आमच्या घरात पदवी मिळवणारा पहिला माणूस मी, त्यामुळे आभार मानावेत अशी माणसं पुष्कळ आहेत. गावच्या शाळेतले मास्तर आहेत, वसतिगृहाचे अधीक्षक आहेत, स्वतःची पुस्तकं मला वापरायला देणारा एक मित्र आहे. पण सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी प्रेसवाल्या अप्पांचं नाव घेईन. त्यांचं पूर्ण नाव इथं देत नाही. ते कुठल्या टाईपात, पानावर कुठं आणि किती जागा सोडून छापणार हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांनी परवानगी दिली नसती. आणि आता परवानगी मागायला ते राहिले नाहीत.

धाराशिवात बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचा छापखाना होता. तेव्हा एसटीच्या पाटीवर उस्मानाबाद असायचं आणि लोकांच्या तोंडी धाराशिव. पुढं प्रेस, मागं घर. प्रेसमध्ये पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन आणि शिशाच्या खिळ्यांनी भरलेल्या लाकडी केसी, म्हणजे खणाखणांच्या पेट्या. एका खिळ्यावर एक अक्षर, तेही उलटं. अक्षराला अक्षर जुळवून ओळ करायची, ओळीखाली ओळ लावून पान करायचं. हे काम सगळेच छापखाने करत. अप्पांचं वेगळेपण त्याच्या आधी सुरू व्हायचं.

कुणी मजकूर घेऊन आलं की अप्पा तो लगेच वाचत नसत. कागद हात लांब करून धरायचे, डोळे बारीक करायचे आणि विचारायचे, "ह्याचं घर कोणतं?"

नवं गिऱ्हाईक गोंधळायचं. "घर? आमचं घर तुळजापूर नाक्याला."

"तुमचं न्हाय ओ. मजकुराचं."

अप्पांच्या मते कुठलाही मजकूर उघड्यावर ठेवायचा नसतो. त्याला घर लागतं, आणि प्रत्येक जातीच्या मजकुराचं घर वेगळं. दुसऱ्या कुणाचं बोलणं आपल्या लेखात आलं की तो पाहुणा. त्याला दोन्ही भिंतींपासून जरा आत बसवायचं, टाईप एक नंबर बारीक, वर-खाली श्वास घ्यायला जागा. कलमवार यादी असेल तर आकडा दारात उभा राहणार आणि शब्द आत बसणार. कलम दोन ओळींचं झालं तर दुसरी ओळ शब्दांच्याच खाली यायला हवी, आकड्याच्या खाली ती शिरली की अप्पा म्हणायचे, "दारातल्या माणसाच्या पायावर बसला बघ." कवितेचं घर निराळं, नोटिशीचं निराळं, दुखवट्याचं तर फारच निराळं. पानाच्या कडेला सोडलेल्या कोऱ्या जागेला ते अंगण म्हणत, आणि कागद वाचवायला अंगण कमी करा म्हणणाऱ्याला सांगत, "मग दारातनं थेट रस्त्यावरच पडशील."

ही सगळी घरं त्यांनी स्वतः बेतलेली होती. प्रत्येक घराला लागणाऱ्या लाकडी पट्ट्या, पितळी रेघा आणि मापाचे कोरे खिळे यांचं एकेक गाठोडं फडक्यात बांधून फळीवर ठेवलेलं असे. मजकूर कोणता ते ठरलं की ते गाठोडं सोडायचं, की पानाचा सांगाडा तयार. एका घराची पट्टी दुसऱ्या घरात गेली तर दिवसभर बोलत नसत. बोललेच तर घरच्या कानडीत, तेही मशीनशी.

कपाळावर भस्माच्या तीन आडव्या रेघा असायच्या. त्या तिन्हींतलं अंतर अगदी सारखं. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "देवाला दोन मिनिटं आणि रेघांना दहा. महादेव बी म्हणत असंल, काय गिऱ्हाईक मिळालंय." जेवताना ते ताटातली चटणी बोटानं सरकवून भाकरीच्या कडेला आणायचे. शाईत बुडालेल्या त्या खोलीत पांढरा सदरा घालून वावरायचे आणि त्यावर कधी डाग दिसला नाही.

मी तिथं कसा गेलो ते सांगतो. कॉलेजात होतो, वसतिगृहात राहत होतो, आणि स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका छापायला टाकायचं काम माझ्याकडं आलं होतं. प्रूफ तयार होतं. अप्पांनी ते उलटं करून, म्हणजे अक्षरं डोक्यावर उभी करून, माझ्यासमोर धरलं.

"वाचू नको. बघ. कुठं टोचतंय?"

मी बघत राहिलो. मधल्या पाच-सहा ओळींतून एक पांढरी फट वेडीवाकडी खाली उतरत होती. शब्दांमधल्या मोकळ्या जागा एकाखाली एक आल्या होत्या. मी बोट ठेवलं.

"कोणत्या गावचा?"

मी गाव सांगितलं. बेंबळीच्या पुढं, कच्च्या रस्त्यानं जावं लागतं, असंही सांगितलं. कोणत्या वस्तीतला ते त्यांनी विचारलं नाही, म्हणून मीच सांगून टाकलं. मागाहून कळण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं, हे मी तोवर शिकलो होतो.

"मी गाव विचारलं," अप्पा म्हणाले. "सकाळी कॉलेज असतंय ना? दुपारी येत जा. प्रूफ बघ."

थोड्या वेळानं चहा आला. अक्कांनी अप्पांच्या कपासारखाच कप माझ्यापुढं ठेवला. मी तो कप बघितला, आणि मी बघितलं हे अक्कांनी बघितलं. "साखर कमी पडली का?" एवढंच त्या म्हणाल्या.

माझं बी.ए.चं शिक्षण त्या प्रूफांवर झालं.

अप्पांशी भांडण झालं नाही असं गिऱ्हाईक विरळं. एका लग्नपत्रिकेत पुढाऱ्यांची, भावकीची, किलबिल करणाऱ्या बाळगोपाळांची इतकी नावं आली की ते म्हणाले, "ही पत्रिका हाय का मतदारयादी? नवरी कुठं सापडंना." एका कवीला त्यांनी दोन अक्षरं कमी करायला सांगितली, कारण त्याची ओळ कवितेच्या घराबाहेर जाऊन वळत होती. कवी चिडला.

"कविता मी लिहिली का तुम्ही?"

"लिवली तुम्ही. उभी मी करणार. झोपल्यावानी दिसली तर लोक मला बोलतील."

कवीनं अक्षरं कमी केली नाहीत. अप्पांनी त्या एका कवितेसाठी नवं घर बेतलं, पट्ट्या कापल्या, गाठोडं बांधलं. कवी पुन्हा आला नाही, पण ते गाठोडं फळीवर राहिलं.

मला कधीकधी वाटायचं की हा माणूस मजकुराचा अर्थ लक्षातच घेत नाही. त्याला फक्त काळं आणि पांढरं दिसतं. पुढं जे घडलं, त्यानंतर हे मला इतक्या खात्रीनं म्हणता येईना.

मोठा दुष्काळ सरून काही वर्षं झाली होती. दुष्काळात आमच्या गावातली बहुतेक जनावरं चाऱ्यावाचून गेली. नंतर गावात दुधाची सहकारी सोसायटी निघाली. सोसायटी नोंदवायला सभासदांचा आकडा भरेना, तेव्हा सेक्रेटरी आमच्या वस्तीत आले आणि सात जणांना सभासद करून गेले. त्यात माझे वडील होते. दुष्काळात ते सरकारी कामावर खडी फोडत होते. सोसायटीमुळं आमच्या दारात म्हैस आली. माझ्या वसतिगृहाबाहेरच्या खर्चाला त्या म्हशीचा हातभार होता, हे मी विसरत नाही.

सोसायटीची नवी इमारत झाली आणि उद्घाटनाला स्मरणिका काढायची ठरली. काम अप्पांकडं आलं. मोठं काम होतं, आणि त्यामागून आणखी कामं येणार होती, कारण तालुक्यातल्या बऱ्याच सोसायट्यांमध्ये आमच्या सेक्रेटरींचा शब्द चालायचा. स्मरणिकेच्या शेवटी संस्थापक सभासदांची यादी होती. माझ्या वडिलांचं नाव आयुष्यात पहिल्यांदा छापलं जाणार होतं. मी ते वडिलांना आधीच सांगून बसलो होतो.

यादी सेक्रेटरींच्या अक्षरात आली. वरची नावं श्री. व्यंकटराव माधवराव, श्री. माणिकराव गोविंदराव अशी, आडनावांसकट (आडनावं मी या लेखात गाळली आहेत). शेवटची सात अशी: सखा धोंडी. लिंबा तुका. गया भ्र. नामा. भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा. जुन्या सरकारी कागदांत बायकांची नावं अशीच असत.

मला ते बघून फार काही वाटलं नाही, हे खरं सांगायला हवं. मी ती नावं तशीच ऐकत मोठा झालो होतो.

अप्पांनी यादी जुळवली, प्रूफ काढलं, उलटं धरलं.

"खाली टोचतंय. वरची माणसं भिंतीपर्यंत पोचतात, खालची अर्ध्यातच बसतात. का?"

"नावंच तेवढी आहेत, अप्पा."

"तेवढी लिवलीत. आईबापानं एवढंच नाव ठेवलं व्हय? उरलेल्या जागेत मी काय कोरं शिसं भरू? जा, पूर्ण नावं घेऊन ये."

"अप्पा, ती आमच्या वस्तीतली माणसं आहेत. त्यात एक माझे वडील आहेत."

"मग तर सोपं झालं. पत्ता माहीत हाय तुला."

मी एसटीनं गावी गेलो. चिंचेखाली माणसं बसली होती. मी कागद काढून पूर्ण नावं विचारली, तर आधी सगळे हसले.

"पूर्ण म्हंजी? अर्धा म्या कुठं ठिवलाय?" लिंबाकाका म्हणाले.

वडिलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "सखाराम. माझी माय म्हणायची तसं. मला ताप आला म्हंजी म्हणायची, सखाराम, डोळं उघड."

"आन् आज्याचं?" मी विचारलं.

"धोंडीबा."

लिंबाकाकांनी मग मांडी बदलली. "लिव्ह. लिंबाजी. आन् माझ्या बापाचं तुकाराम लिव्ह. जिता व्हता तवर तुक्याच ऱ्हायला."

कुणीतरी म्हणालं, "आता राम कशाला, काका? आपण बौद्ध झालो की."

"झालो. पर बापाच्या नावातला राम ह्या गावानं खाल्लेला हाय. आधी त्यो परत घिऊ, मग सोडायचा का ठिवायचा त्ये आपलं आपण बघू."

गयाबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या नावाम्होरं ह्येंचं कशाला? धार म्या काढते, दूध म्या घालते. गयाबाई लिव्ह, बास."

मी सातही नावं आडनावांसकट घेऊन परतलो. अप्पांनी सगळ्यांना श्री. लावला, आडनावं लावली, गयाबाईंना श्रीमती. यादी एका मापात बसली. फक्त गयाबाईंची ओळ आखूड राहिली, कारण त्यांनी नवऱ्याचं नाव घालू दिलं नव्हतं.

अप्पा बराच वेळ त्या ओळीकडं बघत राहिले. नियमाप्रमाणं त्यांनी मला परत पाठवायला हवं होतं. त्यांनी चिमटा उचलला आणि गयाबाईंच्या नावातल्या अक्षरांमध्ये कागदासारख्या पातळ पट्ट्या सरकवायला सुरुवात केली. नाव हळूहळू पसरत भिंतीपर्यंत गेलं.

"बाईला ऐसपैस बसू दे," ते म्हणाले.

"हे नियमात बसतं, अप्पा?"

"नियम मीच केलाय की. तुझ्या सासऱ्यानं केलाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी प्रूफ बघायला आले. पुढची पानं त्यांनी भराभर उलटली. शेवटच्या पानाशी थांबले.

"अप्पा, हे सगळे श्री. कधी झाले?"

"ओळीत बसवताना झाले."

"थट्टा करू नका. मी दिलं तसं छापा. गावात पिढ्यान्‌पिढ्या असंच लिहीत आलेत. मी एकट्यानं काही केलेलं नाही." मग त्यांची नजर माझ्याकडं वळली. "हा सखाचा पोरगा न्हवं? ह्यानंच शिकवलं वाटतं तुम्हाला."

मी हातातलं प्रूफ खाली ठेवलं. हे काम गेलं तर माझ्यामुळं गेलं असं होणार होतं. आणि काम राहिलं तर माझ्या वडिलांचं नाव पुन्हा अर्ध्यात बसणार होतं.

"ह्याला शिकवायला मला पगार द्यावा लागतो," अप्पा म्हणाले. "हा मला काय शिकवणार? तुम्ही म्हणता तसं छापतो की. मालक तुम्ही. फक्त एक अडचण हाय. ही दोन तऱ्हेची नावं एका घरात बसत न्हाईत. एका घरात एकच वागणूक, हा आमच्या प्रेसचा कायदा. मग मधी रेघ मारून दोन घरं करू. वरच्याला शीर्षक हाय, संस्थापक सभासद. खालच्या घराला काय शीर्षक द्यायचं?"

"म्हणजे?"

"शीर्षकाबिगर घर उभं राहत न्हाय. खाली बसलेले हे सात जण कोण, ते तुमच्या हातानं लिहून द्या. मी जसंच्या तसं छापतो. ठळक टाईपात."

त्यांनी कागद पुढं सरकवला, त्यावर पेन ठेवलं आणि खरोखर वाट बघत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर उपहास नव्हता. कुठला टाईप वापरावा याचा विचार करत असावेत तसा चेहरा होता.

सेक्रेटरींनी पेन उचललं. टोपण काढलं. काही शब्द त्यांच्या मनात येऊन गेले असणार. ते कोणते, हे त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. 'इतर' हा साधा शब्दसुद्धा त्यांनी लिहिला नाही. छापलेला कागद उद्घाटनाला येणाऱ्या मंत्र्यांच्या हातात जाणार होता, हे कारण असेल. दुसरंही काही असेल. माणसाच्या मनात एकच कारण असतं असं मला वाटत नाही. त्यांनी टोपण लावलं.

"छापा कसंबी," ते म्हणाले. "पण अप्पा, सोसायटीचं काम ह्यापुढं तुमच्याकडं येणार न्हाय. ह्याच न्हवं, कुठल्याच सोसायटीचं."

"बरं. अंगण तेवढं ठेवू का कमी करू?"

सेक्रेटरी निघून गेले.

उद्घाटनाच्या संध्याकाळी वडिलांनी स्मरणिका माझ्या हातात दिली आणि यादी वाचायला सांगितली. मी सरळ त्यांच्या नावाकडं जायला लागलो तर म्हणाले, "तसं न्हाय. पयल्यापास्नं." मी व्यंकटरावांपासून वाचत आलो. श्री. सखाराम धोंडीबा आलं. मी थांबलो.

"का थांबला? म्होरं वाच की. अजून मानसं हायेत."

मी गयाबाईंपर्यंत सगळं वाचलं. मग त्यांनी स्मरणिका घेतली, घडी घालून टोपीत न ठेवता दोन्ही हातांत धरली आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले.

मी अप्पांचे आभार मानायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "कशाचे? कॉलम नीट बसला, एवढंच." पुन्हा कधी विषय काढला नाही, मला काढू दिला नाही. सोसायट्यांची कामं खरंच बंद झाली. मशीन दुपारचं बंद असायचं. मला मात्र त्यांनी बी.ए. होईपर्यंत कमी केलं नाही. काम नसेल त्या दिवशी जुनी गाठोडी सोडून पट्ट्या पुसायला सांगत. अक्का म्हणायच्या, "असला येडेपणा परवडत न्हाय बघ. पर ह्येंना शहाणं करायचं म्हंजी नवा नवरा करावा लागंल."

त्यांनी ते आमच्यासाठी केलं, की ओळीसाठी? बरीच वर्षं मी यावर विचार केला. ओळीसाठी म्हणावं तर गयाबाईंची पसरलेली अक्षरं आठवतात. आमच्यासाठी म्हणावं, तर तितक्याच हट्टानं ते एका कवितेच्या दोन अक्षरांसाठीही भांडले होते. आता मला वाटतं, त्यांच्या लेखी या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. पानावर एक माणूस अवघडून बसला आहे, एवढंच त्यांना दिसायचं आणि ते त्यांना सहन व्हायचं नाही.

मला भूमच्या शाळेत नोकरी लागली. त्यानंतर काही वर्षांनी वडील गेले. त्या आठवड्यात मी अप्पांना जे पत्र पाठवलं, त्याची नक्कल माझ्याकडं आहे. ती इथं देतो.

तीर्थस्वरूप अप्पांना सविनय नमस्कार.

गेल्या सोमवारी पहाटे माझे वडील वारले. फार त्रास झाला नाही. पुढच्या रविवारी गावी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. त्याची पत्रिका तुमच्याकडेच छापायची आहे. इथं भूममध्ये प्रेस आहे, पण मी तिथं गेलो नाही. मजकूर असा:

आमचे वडील सखाराम धोंडीबा यांचे निधन झाले. त्यांच्या पुण्यानुमोदनाला रविवारी सकाळी आमच्या घरी आपण यावे.

एवढाच मजकूर आहे. मांडणी तुम्ही ठरवा. काळी चौकट घालावी की नाही, हेही तुम्हीच ठरवा. अक्कांना नमस्कार सांगा.

एक गोष्ट विचारायची होती, पण लिहिता लिहिताच तिचं उत्तर सापडलं. चुलते म्हणाले की नावापुढं कंसात 'सखा' असं घाल, कारण आजूबाजूच्या गावांत या पूर्ण नावानं वडिलांना कुणी ओळखणार नाही. त्यांचं म्हणणं खरं आहे. पत्रिका हातात पडल्यावर काही जण विचारतील, हे सखाराम धोंडीबा कोण?

विचारू देत. आम्ही सांगू.